त्र्यंबकरावांचं एक खोटं

त्र्यंबकराव प्रत्येक भाषणात एक खोटं बोलत. चुकून नव्हे, ठरवून. भाषण संपलं, लोकांनी धोतरं झटकून उठायची तयारी केली, की ते हात वर करत आणि म्हणत, "थांबा. मघाशी मी एक गोष्ट साफ खोटी सांगितली. कोणती?"

समोर चाळीस-पन्नास माणसं. कुणी पटक्याचा सोगा चावतोय, कुणी पायाच्या अंगठ्यानं माती उकरतोय. उत्तर नाही. मग ते मला खूण करत. मी गुंडाळलेले कापडी तक्ते पुन्हा उलगडून खुंटीला अडकवी आणि भाषण "रामराम मंडळी"पासून परत सुरू होई. एका गावात हे तीनदा झालं. चौथ्या खेपेला पारावर मी, एक कुत्रं आणि पाय मोडल्यामुळं उठता न येणारा एक म्हातारा, एवढेच उरलो. त्र्यंबकरावांनी म्हाताऱ्याला पूर्ण भाषण ऐकवलं. म्हातारा शेवटी म्हणाला, "समदंच खोटं असल, सायेब. आता मला घरी न्या."

त्र्यंबकराव आमच्या विकास गटाच्या कचेरीत शेतीचे साहेब होते. कचेरी कागदावर उस्मानाबादला, बोलताना धाराशिवला. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते, तिला काणी म्हणतात. पेरण्याआधी बियाला गंधक चोळलं की काणी येत नाही. एवढी साधी गोष्ट गावोगाव जाऊन सांगायची, हे त्यांचं काम. तक्ते, खुंट्या आणि गंधकाचा डबा वाहायचा, हे माझं.

मी देवगडकडचा. शाळा चौथीत सुटली. तिशीला टेकलो तेव्हा एका साहेबांचा स्वयंपाकी म्हणून या मुलखात आलो. त्यांची बदली झाली, नव्या जागी त्यांना दुसरा स्वयंपाकी मिळाला आणि मी एस.टी. स्टँडवर माझ्या ट्रंकेवर बसून राहिलो. दोन दिवस बसलो. दुसऱ्या दिवशी त्र्यंबकरावांनी येऊन विचारलं, "कालपासून बघतोय. कुणावर नजर ठेवून आहेस?" मी खरं ते सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही, पण त्या आठवड्यात मी त्यांचा शिपाई झालो. असला माणूस डोळ्यांसमोर असलेला बरा, असं त्यांच्या मनात आलं असावं. त्या संशयावर माझी बायको आणि दोन मुलं देवगडला दोन वेळा जेवत होती. म्हणून त्याला मी नावं ठेवणार नाही. नोकरी मात्र कच्ची होती. दर सहा महिन्यांनी त्यांच्या शेऱ्यावर पुढं सरकायची. त्यामुळं साहेबांनी सूर्य मावळतीला उगवतो म्हटलं असतं, तरी मी तोंड तिकडं वळवून उभा राहिलो असतो.

ते मूळचे तामलवाडीचे. घर मराठी, पण शाळा निजामाच्या राज्यातली, सगळं शिक्षण उर्दूतून. भाषणाची टिपणं अजून उर्दूतच काढत आणि बोलत मराठीत. "गौर करा" आणि "गाफील राहू नका" ही दोन वाक्यं त्यांच्या बोलण्यात मिठासारखी असत. घरी कुणी नव्हतं. लग्न झालं होतं म्हणे. ते कधी आणि कसं संपलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. खानावळीत जेवत, तेही दाराकडं तोंड करून.

हे खोटं बोलायचं वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. तरुणपणी तहसिलीत असताना ते गावोगाव जाहीरनामे वाचायला जात. एकदा पिशवीतून भलताच कागद निघाला. तेर गावच्या लोकांसाठी काढलेला, तेरणा नदीच्या काठच्या जमिनींचा जाहीरनामा त्यांनी दुसऱ्याच गावात वाचला. त्या गावाला नदी सोडा, धड ओढाही नव्हता. पण गाव हात जोडून उभं, आणि नदीच्या प्रत्येक वळणाला "जी हुजूर."

"त्या दिवशी मला कळलं, महादेव," ते म्हणाले, "मान हलली, की माणूस गेला. कान बंद झाल्याशिवाय मान हलत नाही."

तेव्हापासून मान हलवणाऱ्या प्रत्येकावर त्यांचा डूख. समोर कुणी मान डोलावली की ते वाक्य अर्ध्यात तोडून त्याच्याकडं बघत राहत, तो बिचारा घामानं भिजेपर्यंत. खोकल्याचे त्यांनी दोन प्रकार पाडले होते, घशाचा आणि उठायचा. लोकांना ते नेहमी उन्हाकडं तोंड करून बसवत. वक्त्यानं सावलीत उभं राहावं आणि ऐकणाऱ्यानं उजेडात बसावं, कारण चोर उजेडात सापडतो, हे त्यांचं भाषणशास्त्र. मला ते साध्या कपड्यांत लोकांत मिसळून बसायला लावत. कोण झोपतो, कोण कुजबुजतो, हे मी टिपायचं. मी माझ्या मते बेमालूम मिसळून बसे. लगेच शेजारचा सरकून जागा करून देई, "या शिपाईदादा, असं म्होरं बसा. तितं सायबाला दिसायचे न्हाय तुमी."

आता गावाची बाजू. गावाला त्र्यंबकरावांचा त्याहून मोठा संशय. निजामाच्या काळात सक्तीच्या लेव्हीचं धान्य नेणाऱ्यांनीही आधी रामराम मंडळीच म्हटलं होतं. सरकारी माणूस उन्हातान्हात सायकल मारत येतो आणि आपल्या बियाची काळजी करतो, याच्यामागं काहीतरी असलंच पाहिजे. गंधक चोळलेली ज्वारी सरकारला लांबून ओळखता येते आणि रास पडली की तेवढीच उचलून नेतात, असं एकानं मला विश्वासात घेऊन सांगितलं. साहेब हजेरीसाठी नावं विचारायला लागले तेव्हा एका गावात पहिल्यानं सांगितलं, मारुती. दुसऱ्यानंही मारुती. त्या दिवशी पारावर अकरा मारुती होते आणि बारावा देवळात.

दोन वर्षांत साहेबांचं नाव सगळ्या तालुक्यात झालं. खोटेसाहेब. काही गावांनी तोडगा काढला. साहेबांनी एक वाक्य म्हटलं की कुणीतरी मागून "खोटं" म्हणे, दुसऱ्या वाक्यालाही "खोटं," कुठलंतरी लागेलच या हिशेबानं. एका पोरसवद्या पाटलानं तर "रामराम मंडळी"लाच "खोटं" म्हटलं. साहेब तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना वाटलं, पाटलाला मीच फितूर झालो.

त्यांचं खरं समाधान झालेलं मी एकदाच पाहिलं. बेंबळीला. हस्ताचा पाऊस नुकताच पडून गेला होता, रानं काळीभोर आणि लोक पेरणीच्या घाईत. तरी एक्केचाळीस डोकी आली. साहेबांनी स्वतः मोजली. ते त्या दिवशी रंगात होते. बी कसं निवडायचं, मडक्यात कसं घालायचं, किती बियाला किती चिमटी गंधक, मडकं कसं हलवायचं, सगळं हातवारे करून दाखवलं. मग त्याच आवाजात, तोंडावरची रेष न हलवता म्हणाले, "गंधक चोळून झालं, की हे बी तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवायचं. पाणी वर दोन बोटं राहिलं पाहिजे."

कुणी काही बोललं नाही. भाषण संपलं, त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मधल्या रांगेतला एक लुकडा शेतकरी बसल्या जागेवरून म्हणाला, "तीन दिस पाण्यात. बी कुजंल की. ते खोटं."

त्र्यंबकरावांनी त्याला उभं केलं, जवळ बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. येताना सायकलवरून ते मला दोनदा म्हणाले, "एक तरी निघाला. गौर करणारा एक तरी निघाला." खानावळीत त्या दिवशी ते भिंतीकडं तोंड करून जेवले.

आठव्या दिवशी गंधकाच्या पुड्या घेऊन मी एकटाच बेंबळीच्या बाजाराला गेलो. एक बाई आली. चाळिशीची, कपाळ रिकामं, हातात जुन्या लुगड्याच्या धडप्याचं गाठोडं. तिनं नाव सांगितलं सुंदराबाई. पाच एकर रान, कसणारी ती एकटी. गाठोडं सोडलं तर आत मालदांडी ज्वारीचं बी. फुगलेलं, काही मोड येऊन काळं पडलेलं, आंबूस वास मारणारं.

"शिपाईदादा," ती म्हणाली, "समदं बी असं झालं. माझं काय चुकलं, तेवढं सायबाला इचारा."

मी विचारलं, पाण्यात ठेवायला कुणी सांगितलं. तिनं सांगितलं, साहेबांनी. आणि मग कळलं. पारावर बाप्ये बसले की बाया देवळाच्या भिंतीमागं उभ्या राहून ऐकतात. बाप्ये उठायच्या आत त्यांना निघावं लागतं, नाहीतर वाटेत गाठ पडते आणि ते बरं दिसत नाही. ती त्या दिवशी भिंतीमागं होती. सगळं भाषण ऐकून, शेवटचा प्रश्न विचारायच्या आत ती घरी गेली होती. घरी जाऊन तिनं सांगितलं तसं केलं.

घरात दुसरं बी नव्हतं. शेजाऱ्यांचं पेरून संपलेलं. रानात ओल होती तोवर पेरलं तर वर्ष उभं राहील. चार-पाच दिवसांत ओल उडाली की पाच एकर पडीक.

बेंबळीहून परत येताना मी सायकल बराच वेळ हातात धरून चाललो. साहेबांना सांगावं तर ते म्हणणार, कुणी पढवलं तुला? माझ्या शेऱ्याला पंधरा दिवस राहिले होते. न सांगावं तर ती बाई आजही मडक्याजवळ बसून आपली चूक शोधत असणार. खोलीवर पोचलो, पत्राला कार्ड काढलं, बायकोला "इकडे सर्व खुशाल" लिहिलं आणि ते कार्ड टाकवेना.

सकाळी कचेरी उघडल्या उघडल्या मी साहेबांसमोर ते गाठोडं सोडलं आणि सगळं सांगितलं.

ते गाठोड्याकडं न बघता माझ्याकडं बघत राहिले. मग अपेक्षेप्रमाणं म्हणाले, "कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाही, साहेब."

"बेंबळीत बाया नव्हत्या. एक्केचाळीस डोकी. मी मोजली आहेत."

"भिंतीमागं होत्या."

"भिंतीमागं काय होतं?"

"बाया होत्या, साहेब. ऐकत होत्या."

त्यांनी एक दाणा उचलून चिमटीत दाबला. तो पिठासारखा फुटला. त्यांनी बोटं पुसली नाहीत. तशीच धरून त्यांनी विचारलं, "इतर गावांतही भिंतीमागं असतात?"

मी म्हटलं, माहीत नाही. खरोखरच माहीत नव्हतं. मी लोकांत बसून झोपाळू माणसं टिपत होतो, भिंतीकडं कोण बघतो?

त्याच दुपारी आम्ही एस.टी.नं तामलवाडीला गेलो. तिथं त्यांचा थोरला भाऊ वडिलोपार्जित शेती करी. साहेब कित्येक वर्षांत तिकडं गेले नव्हते, हे भावाच्या तोंडावरूनच कळलं. दादांनी पाणी दिलं, बसा म्हटलं आणि आतून बायकोनं काही विचारलं तेव्हा दबक्या आवाजात सांगितलं, "वाटणी मागायला आला असल."

"दादा, मालदांडीचं अर्धं पोतं बी पाहिजे," साहेब म्हणाले.

"बरं. आणि?"

"आणि काही नाही."

"काही नाही कसं? शिपाई घेऊन आलास."

"तो पोतं उचलायला."

दादांनी बी दिलं. वेशीपर्यंत पोचवायला आले. मध्येच दोनदा थांबून विचारलं, "जमिनीचं काही नाही ना?" साहेब नाही म्हणाले. संशय दोघा भावांना घरातूनच मिळाला होता, हे मला तिथं समजलं. एस.टी. सुटल्यावर साहेब म्हणाले, "दादा म्हातारा झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुंदराबाईच्या ओसरीवर होतो. तिनं घोंगडी अंथरली, गुळाचा चहा ठेवला. साहेब घोंगडीवर बसले, पण बसून बोलायची त्यांना सवय नव्हती. एका बाईसमोर ते भाषणाला उभे राहतात तसे उभे राहिले.

"बाई, तीन दिवस पाण्यात ठेवायचं, हे मी खोटं सांगितलं होतं."

बाईनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "खोटं कशापायी सांगाल?"

"कोण ऐकतंय ते बघायला."

"म्या ऐकत हुते की."

साहेबांनी बियाचं पोतं तिच्यापुढं सरकवलं.

आणि मग सुंदराबाई त्यांच्यावर विश्वास ठेवायलाच तयार होईना. तिचं म्हणणं, चूक तिचीच. पाणी दोन बोटं सांगितलं होतं, तिनं घाईत चार बोटं घातलं. तिसऱ्या दिवशी मडकं उन्हात राहिलं, ते पण असेल. साहेब मोठ्या मनाचे, बाईमाणसाची चूक झाकायला स्वतःवर घेतात. साहेब घायकुतीला आले. पारावरच्या एक्केचाळीस लोकांची साक्ष काढली. ती म्हणाली, "बाप्ये काय, हसायलाच बसल्याले असत्यात." शेवटी साहेब माझ्याकडं वळले, "महादेव, तू सांग. मी खोटं बोललो की नाही?"

"बोलले," मी म्हटलं.

"तुमी त्येंचे शिपाई," बाई मला म्हणाली, "तुमी त्येंच्याच बाजूनं बोलणार."

साहेबांनी हात टेकले. मग हळूच विचारलं, तिनं त्या दिवशी काय काय ऐकलं. सुंदराबाई पदर सावरून सांगू लागली. मोठ्या दाण्याचं बी निवडायचं, पोचट पाण्यावर काढायचं नाही, सुपानं काढायचं. मडकं कोरडं पाहिजे. गंधक चिमटीनं, मूठभर नव्हे. मडकं दोन्ही हातांनी धरून, बाळाला जोजवतो तसं हलवायचं. एकही पायरी सुटली नाही. जिथं साहेब थांबले होते, तिथं ती थांबली. मधे साहेबांना ठसका लागला होता, तो सुद्धा तिनं सांगितला, "तवा तुमाला कुणी पाणी दिलं न्हाय. मला वाटलं द्यावं, पर येता येईना." साहेब ऐकता ऐकता केव्हा घोंगडीवर खाली बसले, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

बी मात्र ती फुकट घेईना. दुसऱ्याचं फुकटचं बी रानात घालू नये, असं त्या भागात मानतात. साहेबांनी बरीच खटपट केली. शेवटी म्हणाले, "मग ते भिजलेलं बी मला द्या. अदलाबदल." तिनं विचार केला आणि मान्य केलं. बियाला बी, हे रीतीत बसत होतं. मग दोघांनी मिळून मडक्यात गंधक चोळलं. साहेब मडकं हलवत होते आणि ती त्यांना सांगत होती, "सायेब, जोरात नगं. तुमीच सांगितलंय, जोजवल्यागत."

दुपारपर्यंत पेरणीची पाभर जुंपली गेली. ओल अजून होती. आम्ही निघालो तेव्हा ती बांधापर्यंत आली आणि साहेबांना म्हणाली, "आता परत कधी येताल बोलायला? पुढल्या खेपंला जरा मोठ्यानं बोला. भिंतीमागं येक-दोन शबुद सुटत्यात."

कुजलेल्या बियाचं गाठोडं काखेत धरून साहेब स्टँडच्या वाटेनं चालू लागले. मग म्हणाले, "ती काय म्हणाली रे?"

"मोठ्यानं बोला म्हणाली."

"ते नाही. त्याच्या आधी."

"परत कधी येताल बोलायला, असं म्हणाली."

ते थोडं चालले. "तसं म्हणायची रीत असते इकडं. पाहुण्याला म्हणतात."

"पाहुण्याला नुसतं 'या' म्हणतात, साहेब," मी म्हटलं. "'बोलायला या' असं कुणी म्हणत नाही."

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलतोय का, हे ते तपासत होते. मी मान हलवली नाही, खोकलो नाही. एस.टी.त शेजारी बसल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की कोणत्या शब्दांत म्हणाली ते. मी सांगितलं. धाराशिव येईपर्यंत आणखी दोनदा सांगितलं.